जग जिंकण्याचा खेळ: ‘रिस्क’ कसा खेळावा आणि त्यातून काय शिकावं

आपल्या या मालिकेत आज लढाई नाही, सेनापती नाही. आज एक खेळ आहे. त्याचं नाव ‘रिस्क’. पूर्वी तो पुठ्ठ्याच्या पटावर खेळत, आता बहुतेक लोक मोबाईलवर किंवा संगणकावर खेळतात. जगाचा नकाशा, त्याचे ४२ प्रदेश, सहा खंड, दोन ते सहा खेळाडू, आणि उद्देश एकच: सगळं जग आपल्या रंगाचं करायचं. इंदूर असो, बडोदा असो की बंगळूर, आपल्या घरांतली मुलं-नातवंडं हा खेळ खेळताना दिसतात, आणि मग आजोबांना विचारतात, “खरं युद्ध असंच असतं का?”

मी आयुष्य पायदळात घालवलं. त्यामुळे या प्रश्नाला “हो” किंवा “नाही” असं एका शब्दात उत्तर देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. खेळ चांगला आहे, तो नीट खेळायला शिकावं असा आहे. पण तो काय शिकवतो आणि काय लपवतो, हे दोन्ही ठाऊक असलं पाहिजे. म्हणून आज आधी या खेळाचा इतिहास, मग खेळण्याची रीत, आणि शेवटी नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टी.

फासा पटावर कसा आला

पटावर सैन्य मांडून लढण्याची कल्पना आपल्याच मातीतली. चतुरंग म्हणजे सैन्याची चार अंगं: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. त्यातूनच पुढे बुद्धिबळ झालं. अकराव्या शतकात अल-बिरुनी हिंदुस्थानाविषयी लिहितो, तेव्हा तो चार जणांनी खेळायच्या एका प्रकाराचं वर्णन करतो. त्यात फासे टाकत, आणि दान पडेल त्याप्रमाणे कोणतं मोहरं हलवायचं ते ठरे. दोघांच्या बुद्धिबळात मात्र फासा नाही. तिथे नशिबाला जागा नाही, सगळं समोर उघडं मांडलेलं.

युरोपात १७८० साली ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या गृहस्थाने बुद्धिबळाचा पट मोठा केला आणि घरांना रंग देऊन डोंगर, नदी, दलदल दाखवली. खरी उडी मारली ती प्रशियातल्या राइसवित्झ पितापुत्रांनी. वडिलांनी १८१२च्या सुमारास राजासाठी एक टेबल बनवलं. त्यावर भूप्रदेशाचे तुकडे हवे तसे जुळवता येत. मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ साली नियम छापले. चौकोनी घरं गेली, त्यांच्या जागी खरा लष्करी नकाशा आला. प्रत्येक डाव म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटं. लाल आणि निळ्या तुकड्या, मध्ये एक पंच. आणि नुकसान किती झालं ते ठरवायला फासा. त्यामागचे आकडे मनाचे नव्हते, बंदुका-तोफांच्या प्रत्यक्ष चाचण्यांवरून घेतलेले होते.

प्रशियाचे सेनाप्रमुख म्युफ्लिंग हा खेळ पाहायला बसले तेव्हा फारसे उत्सुक नव्हते. उठले तेव्हा त्यांचं मत असं झालं होतं की हा खेळ नव्हे, हे युद्धाचं शिक्षण आहे. मग तो पलटणीपलटणीत गेला. त्या तरुण राइसवित्झला मात्र यश पचवता आलं नाही की त्याच्या वरिष्ठांना, देव जाणे. १८२७ साली त्याने आत्महत्या केली. पुढे १८७०-७१च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरवलं आणि मग साऱ्या जगाच्या सैन्यांना या ‘क्रीग्सश्पील’ची, म्हणजे युद्धखेळाची, आठवण झाली.

‘रिस्क’ हा त्याच घराण्यातला, पण फार सोपा केलेला धाकटा वारस. तो बनवला कुणा सेनापतीने नाही, एका चित्रपट दिग्दर्शकाने. आल्बेर लामोरीस हे त्याचं नाव. ‘लाल फुगा’ हा एका मुलाचा आणि फुग्याचा लघुपट १९५६ साली त्यानेच काढला. त्याला कानच्या महोत्सवात पारितोषिक मिळालं आणि पटकथेसाठी ऑस्करही. पुढच्याच वर्षी, १९५७मध्ये, फ्रान्समध्ये त्याचा हा पट बाजारात आला. नाव होतं ‘जगजेता’ या अर्थाच्या जवळ जाणारं, ‘जगाचा विजय’. १९५९ साली अमेरिकेतल्या पार्कर ब्रदर्सने तो ‘रिस्क’ या नावाने आणला.

काळ ध्यानात घ्या. १९५४ साली फ्रान्स दिएन बिएन फू इथे हरला होता, १९५६ साली सुएझमधून हात पोळून परतला होता, आणि अल्जीरियात लढाई चालू होती. खरी साम्राज्यं मोडत होती, तेव्हा घराघरांत पुठ्ठ्यावर साम्राज्यं उभी राहू लागली. नकाशाही जुन्याच मनाचा. थायलंडचं नाव बदलून झालं होतं, पण पटावर सयामच राहिलं. सोंगट्या तर थेट नेपोलियनच्या काळातल्या: पायदळ, घोडदळ, तोफ.

डाव कसा चालतो

आता खेळायला बसू. संगणक तुमच्यासाठी प्रदेश वाटून देतो आणि सैन्य ठेवायला सांगतो. त्यानंतर प्रत्येक पाळीचे तीन टप्पे: कुमक, चढाई, आणि शेवटी फौजेची एक हालचाल.

कुमक मोजायचा नियम साधा आहे. तुमच्या प्रदेशांना तीनने भागा. भागाकार येईल तितक्या तुकड्या मिळतात, पण तीनपेक्षा कमी कधीच नाही. म्हणजे तुमच्याकडे पाच प्रदेश असोत की अकरा, कुमक तीनच. बारावा प्रदेश हाती आला की चार. म्हणून अकरावरून बारावर जाणं मोलाचं आणि बारावरून तेरावर जाणं जवळजवळ फुकट. नवखा खेळाडू रंग पसरवण्याच्या नादात हा हिशेब करत नाही.

अख्खा खंड ताब्यात असेल तर वेगळी कुमक मिळते. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका प्रत्येकी दोन, आफ्रिका तीन, उत्तर अमेरिका आणि युरोप प्रत्येकी पाच, आशिया सात. पण फौजी माणूस बक्षीस पाहण्याआधी दरवाजे मोजतो. ऑस्ट्रेलियाला दरवाजा एकच: इंडोनेशियातून सयामकडे जाणारा. दक्षिण अमेरिकेला दोन. उत्तर अमेरिकेला तीन आणि बक्षीस पाच, म्हणजे भाव उत्तम. आफ्रिकेला तीन दरवाजे, बक्षीस तीनच. युरोपला चार. आशियाला पाच दरवाजे आणि बारा प्रदेश. सात तुकड्यांच्या मोहात पडून पहिल्या दहा पाळ्यांत आशिया घ्यायला निघालेला माणूस बहुधा सगळ्यांत आधी बाद होतो.

म्हणून पहिला सल्ला: ज्याची चौकी कमी माणसांत सांभाळता येते असा खंड आधी घ्या. दुसरा: खंड घेतल्यावर सैन्य आत ठेवू नका, दरवाजावर ठेवा. उत्तर अमेरिका तुमची असेल तर अलास्का, ग्रीनलंड आणि मध्य अमेरिका भक्कम हवेत. आतल्या सहा प्रदेशांत एकेक सोंगटी पुरे. जिथे शत्रू पोहोचूच शकत नाही तिथे ठेवलेली तुकडी म्हणजे बराकीत झोपलेली तुकडी.

फाशांचा हिशेब

चढाई करणारा जास्तीत जास्त तीन फासे टाकतो, बचाव करणारा दोन. दोघांचे सर्वांत मोठे फासे एकमेकांसमोर, मग दुसऱ्या क्रमांकाचे. ज्याचा फासा लहान त्याची एक तुकडी गेली. बरोबरी झाली तर बचाव जिंकतो.

आता पाच फाशांची एकूण ७,७७६ दानं होतात. त्यांतल्या २,८९० दानांत चढाई करणारा दोन्ही घेतो, २,२७५ दानांत बचाव करणारा दोन्ही घेतो, आणि २,६११ दानांत दोघांचं एकेक जातं. म्हणजे टक्क्यांत साधारण ३७, २९ आणि ३४. तीनास दोन असा सामना असेल तर चढाई करणाऱ्याचं पारडं किंचित जड आहे. पण एकास एक फासा असेल तर चढाई करणारा ३६ पैकी १५ वेळाच जिंकतो.

यातून निघणारा नियम कोणत्याही पायदळाच्या अधिकाऱ्याला ओळखीचा वाटेल. चढाई करायची तर भरपूर बळ घेऊन करा, नाहीतर करूच नका. तीन फासे टाकता येतील इतकं सैन्य हाताशी असेपर्यंत चढाई फायद्याची. सैन्य रोडावलं, फासे दोनावर-एकावर आले की थांबा. “आता एवढं आलोच आहोत तर” हे वाक्य पटावर जितक्या फौजा खातं तितकं दुसरं काही खात नाही.

आणखी एक गणित पाहा. समोर शत्रूचे सहा प्रदेश ओळीने आहेत, प्रत्येकात एकेकच सोंगटी. सोपं वाटतं. पण जिंकलेल्या प्रत्येक प्रदेशात तुम्हाला किमान एक तुकडी ठेवावीच लागते, म्हणजे सहा तिथेच गुंतल्या. एका तुकडीच्या बचावाविरुद्ध तीन फासे टाकले तरी दर तीन वेळांत एकदा तुमचंच माणूस पडतं, म्हणजे सहा प्रदेशांत सरासरी तीन गेले. एकूण नऊ. दहा घेऊन निघालात तर टोकाला पोहोचाल, पण मागे राहील एकेका सोंगटीची लांबलचक रांग. ती पुढच्या पाळीत कुणीही कापून काढील. १७५८ साली आपण अटकेपर्यंत गेलो याचा अभिमान असावाच; पण तिथपर्यंत जाणं आणि तिथे टिकणं या दोन वेगळ्या मोहिमा असतात, हे पुढच्या तीन वर्षांनी दाखवलं.

पत्ते: खेळाचं खरं इंजिन

एका पाळीत किमान एक प्रदेश जिंकला की एक पत्ता मिळतो. पायदळ, घोडदळ, तोफ असे पत्ते. तीन सारखे किंवा तिन्ही वेगळे जमले की ते देऊन जादा कुमक घेता येते. मूळ नियमांत ही कुमक वाढत जाते: पहिला संच ४, मग ६, ८, १०, १२, १५, आणि त्यानंतर दर वेळी पाचाने वाढ. आठव्या संचाला २५ तुकड्या. तेव्हा आशियाच्या सात तुकड्यांची काय मातब्बरी?

म्हणून डावाच्या उत्तरार्धात जमीन गौण ठरते आणि पत्ते मुख्य. एखाद्या खेळाडूचा शेवटचा प्रदेश तुम्ही घेतलात तर त्याचे सगळे पत्ते तुमचे. अनुभवी खेळाडू म्हणूनच नकाशाकडे कमी आणि “कुणाकडे पत्ते पाच आहेत आणि सैन्य थोडं आहे?” याकडे जास्त पाहतो. तुमच्याकडे पत्ते साठले असतील तर सैन्य पातळ ठेवू नका. तुम्हीच शिकार व्हाल.

संगणकावर डाव सुरू करताना पत्त्यांची किंमत वाढती हवी की ठरावीक, हे निवडता येतं. ठरावीक ठेवली तर खंडांना महत्त्व राहतं आणि डाव लांबतो. वाढती ठेवली तर शेवट झटपट आणि स्फोटक होतो. हे न पाहता डावात उतरणं म्हणजे कोणत्या ऋतूत मोहीम आहे ते न विचारता कूच करणं.

संगणकाचे फासे शकुनीचे आहेत का?

हरलेल्या प्रत्येक खेळाडूची ही तक्रार असते. आपण हिशेब करू. तीनास दोन फाशांत सलग तीनदा तुमच्या दोन्ही तुकड्या जाण्याची शक्यता अडीच टक्के, म्हणजे चाळीसात एकदा. एका लांब डावात शंभर-दोनशे वेळा फासे पडतात. तेव्हा हे “अशक्य” दुर्दैव डावात दोन-चार वेळा दिसणारच. आपलं मन सुदैव विसरतं आणि दुर्दैव जपून ठेवतं, एवढंच.

अर्थात, संगणकाने एक नवी सोय दिली आहे. सध्या मोबाईलवर जो ‘रिस्क’ जास्त खेळला जातो त्यात फासे दोन प्रकारचे मिळतात. एक खरे, नशिबावर सोडलेले. दुसरे ‘बॅलन्स्ड ब्लिट्झ’ नावाचे, ज्यांत टोकाचे निकाल छाटलेले असतात. मोठी फौज छोट्या फौजेपुढे लाजिरवाणी हरत नाही. लोकांना हे दुसरे फासे आवडतात. माझा सल्ला असा की शिकताना खरे फासे घ्या. दहा तुकड्यांची चढाई दोन सोंगट्यांपुढे फसते तेव्हा राग येतो, पण राखीव दल का ठेवायचं हे त्याच वेळी कळतं.

दुसरी सोय म्हणजे धुकं. हा पर्याय निवडला की फक्त आपल्या शेजारचे प्रदेश दिसतात, पलीकडे काय जमलंय ते दिसत नाही. क्लाउझेवित्झने युद्धातल्या अनिश्चिततेला धुक्याची उपमा दिली, आणि राइसवित्झच्या खेळात पंच हेच काम करायचा: ज्या तुकड्या तुमच्या नजरेच्या टप्प्यात नाहीत त्या तो पटावर मांडतच नसे. पुठ्ठ्याच्या ‘रिस्क’मध्ये हे शक्य नव्हतं. संगणकाने खेळ दोनशे वर्षं मागे, म्हणजे खरं तर पुढे नेला.

नकाशावर जे नाही

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘रिस्क’च्या पटावर आपला देश एकच प्रदेश आहे. त्याला चार शेजारी: मध्यपूर्व, अफगाणिस्तान, चीन आणि सयाम. चीनमधून हिंदुस्थानात यायला एक टिचकी पुरते. मध्ये हिमालय नाही.

खरा हिमालय काय मागतो ते सांगतो. मैदानातून आलेल्या जवानाला थेट उंचीवर पाठवत नाहीत. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, आणि त्याहून वर जायचं तर आणखी चार दिवस शरीराला सवय करून द्यावी लागते. चौदा दिवस, आणि तोवर एकही गोळी झाडलेली नाही. घाई केली तर शत्रूच्या आधी विरळ हवा माणूस मारते. पटावरच्या सोंगटीला फुफ्फुसं नसतात.

दुसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे रसद. ‘रिस्क’मधली फौज जेवत नाही. ती इर्कुट्स्कमध्ये वीस पाळ्या उभी राहिली तरी तिची एक सोंगटी कमी होत नाही. पानिपतावर काय झालं? १७६०च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि भाऊसाहेबांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. दोन महिन्यांहून जास्त काळ दोन्ही फौजा समोरासमोर. दोन्ही बाजू एकमेकांची रसद तोडत होत्या. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले आणि आपली उरलीसुरली आशा संपली. १४ जानेवारी १७६१ला आपली फौज लढायला बाहेर पडली ती उपाशी पोटी. ‘रिस्क’च्या पटावर मांडलं तर त्या दिवशीच्या सोंगट्या नोव्हेंबरात होत्या तितक्याच दिसतील. फरक होता तो सोंगट्यांच्या आत.

तिसरी गोष्ट म्हणजे निकाल मान्य करण्याचा प्रामाणिकपणा. मे १९४२मध्ये जपानी आरमाराने मिडवे मोहिमेचा युद्धखेळ खेळून पाहिला. फुचिदा आणि ओकुमिया यांच्या पुस्तकात त्याची हकीकत आहे, आणि ओकुमिया त्या खेळात पंच होते. फाशांप्रमाणे अमेरिकी विमानांचे नऊ बॉम्ब लागले आणि जपानच्या दोन विमानवाहू नौका बुडाल्या. मुख्य पंच अ‍ॅडमिरल उगाकी यांनी तो आकडा तीनवर आणला, म्हणजे एकच नौका बुडाली; आणि पुढच्या टप्प्यात तीही पुन्हा पटावर आली. ४ जूनला प्रत्यक्ष लढाईत चार नौका गेल्या.

इथे बरेच वक्ते थांबतात आणि म्हणतात, पाहा, फाशाने भविष्य सांगितलं होतं. तसं नाही. त्या दिवशी मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बॉम्ब जपानी विमानवाहू नौकांवर लागला नाही. त्या बुडवल्या अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी. म्हणजे आकड्यापुरतं पाहिलं तर उगाकींची शंका रास्तच होती. पण युद्धखेळ आकडे सांगायला नसतोच, तो प्रश्न विचारायला असतो. “आपल्या दोन नौका गेल्या तर पुढे काय?” हा प्रश्न पटावर आला होता. नौका परत ठेवल्या आणि त्यांच्याबरोबर प्रश्नही उचलला गेला.

आमच्याकडे वाळूच्या नमुन्यावर, म्हणजे सँड मॉडेलवर, चढाईची आखणी होते. कापसाचे ढग, रंगीत दोऱ्यांचे रस्ते, छोट्या झेंड्यांच्या चौक्या. तिथे चांगला कमांडर शेवटी एकच गोष्ट विचारायचा: “पहिली प्लाटून थांबली तर?” नवा लेफ्टनंट म्हणायचा, “सर, थांबणार नाही.” आणि सगळे गप्प व्हायचे. कारण उपस्थितांपैकी काहींनी अशा थांबलेल्या प्लाटूनमधल्या जवानांच्या घरी पत्रं लिहिलेली असायची. पटावरची पडलेली सोंगटी डब्यात जाते आणि पुढच्या डावाला परत येते. आमच्या नोंदवहीत नाव, गाव आणि जवळचा नातेवाईक, असे रकाने असतात.

मग खेळावं का?

जरूर खेळावं, आणि नातवंडांबरोबर बसून खेळावं. दरवाजे मोजायला, राखीव दल ठेवायला, मोहात न पडता थांबायला, आणि आज सर्वांत बलवान दिसणाऱ्यावर बाकीचे सगळे एक होतात हे ओळखायला यापेक्षा स्वस्त शाळा नाही. डाव मांडताना धुकं चालू ठेवा, फासे खरे ठेवा, आणि डाव हरला की मुलाला संगणकावर चिडू देऊ नका; कोणत्या पाळीत थांबायला हवं होतं ते शोधायला लावा.

आणि एक घरचा नियम मी सुचवतो. प्रत्येक चढाईआधी खेळाडूने मोठ्याने सांगायचं: या फौजेला जेवण कुठून येणार, आणि वाटेत डोंगर कोणता. नियमपुस्तकात हे नाही, त्याने कुणाची कुमक वाढत नाही. पण मुलं ॲटलस उघडतात. कामचटका कुठे आहे, उरल पर्वत कुठे आहे, अफगाणिस्तानातून इकडे यायच्या खिंडी कोणत्या, हे शोधतात. आणि टीव्हीवर कुणी नकाशावर बाण काढून “दोन दिवसांत आटोपू” म्हणालं, तर तीच मुलं विचारतात, “आणि रसद?”

पुढच्या भागात याच रसदीविषयी सविस्तर बोलू: बाजारबुणगे, बैलांचे तांडे, आणि अठराव्या शतकातली फौज दिवसाला किती चालायची. तोवर एक डाव खेळून ठेवा. जय हिंद.